आत्तीच्या शेतातलं आग्या मोहोळ

माझ्या चुलतभावानं माझ्या वडिलांच्या तोंडावर ठोसा मारला, तेव्हा मटणाच्या रश्श्याला नुकती उकळी फुटत होती. वडिलांची वरची कवळी उडून धुळीत पडली. ती उचलायला ते वाकले आणि तसेच गुडघ्यांवर बसले. ओठ फाटला होता, हनुवटीवरून रक्त शर्टावर ओघळत होतं. वडिलांची सत्तरी जवळ आलेली. चुलतभाऊ तिशीतला, शिरोलीच्या फाउंड्रीत दिवसभर लोखंड उचलणारा.

आमच्या घराण्यात मारामारी नवी नव्हती, हे आधी सांगायला हवं. नाहीतर तो ठोसा आभाळातून पडला असं वाटेल. आमचं गाव हातकणंगल्याजवळ. वडील आणि काका सख्खे भाऊ, वावरं शेजारी शेजारी, मध्ये एक बांध. तो बांध कुणी किती सरकवला यावरून आठ वर्षांपूर्वी वडिलांनी काकांच्या खांद्यावर खोऱ्याचा दांडा घातला होता. मी तेव्हा लग्नाची होते, बांधावर डबा घेऊन गेले होते. काकांचं गळ्याजवळचं हाड मोडलं तो आवाज मी ऐकला. ओला ऊस गुडघ्यावर मोडावा तसा. त्यानंतर दोन्ही घरांत बोलणं बंद. माझ्या लग्नाला काका आले नाहीत, चुलतभावाच्या लग्नाला आम्ही गेलो नाही. आई वारली तेव्हा काकू स्मशानाच्या वाटेपर्यंत येऊन माघारी फिरली.

या दोघांची थोरली बहीण म्हणजे आमची आत्ती. राधानगरीला दिलेली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. धरणाच्या पाण्याला लागून असलेलं भाताचं शेत, थोडा ऊस आणि दोन म्हशी ती एकटी सांभाळायची. मे महिन्यात तिनं दोन्ही भावांना फोन केला.

"मी मेल्यावर येणारच की दोघंबी लाकडं घालायला," ती वडिलांना म्हणाली. "त्याच्या आदी एकदा या. मी जेवू घालतो." आमच्याकडच्या जुन्या बायका स्वतःबद्दल 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात.

"त्यो येणार हाय का?" वडिलांनी विचारलं.

"त्यो व्हय म्हटलाय. तूच तेवढा राहिलाईस."

नंतर कळलं, काकांनाही तिनं हेच सांगितलं होतं. दोघांपैकी कुणीच हो म्हटलेलं नव्हतं.

तो रविवार होता. माझ्या नवऱ्याला ड्यूटी होती, म्हणून कोल्हापुरातून मीच गाडी चालवत निघाले. मागच्या सीटवर चार वर्षांची मुलगी. वडील आणि दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, गावाहून मोटरसायकलवर आले. काका, काकू आणि चुलतभाऊ वडापच्या भाडोत्री जीपनं. दादाची बायको आणि चुलतभावाची बायको, दोघीही आल्या नव्हत्या. काहीतरी होणार हे त्यांना कळलं असावं.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी खूप मागं गेलेलं असतं. काठ भेगाळलेला, त्याच्या वर वाळून पिवळं पडलेलं गवत, आणि आत्तीच्या शेताच्या टोकाला एक मोठा वड. त्याच्या सावलीत आम्ही सतरंज्या टाकल्या. चूल मात्र आत्तीनं तिथं मांडू दिली नाही. तिनं बोट वर केलं. उंच फांदीला आग्या मोहोळ लटकत होतं, सुपाएवढं, काळपट. नीट पाहिलं की त्याच्यावरून एक लाट सरकल्यासारखी दिसायची.

"धूर लागला तर त्या कुणाला सोडायच्या न्हाईत," ती म्हणाली. "चूल तिकडं, वाऱ्याच्या खाली."

चूल पन्नासेक पावलांवर मांडली. चुलतभावानं मटणाचा ताबा घेतला. मला वाटलं होतं तेवढी सकाळ वाईट गेली नाही. वडील आणि काका एकाच सतरंजीवर पण पाठमोरे बसले होते. तासाभरानं काकांनी मागं न बघता तंबाखूची चंची मागं सरकवली. वडिलांनीही न बघता ती घेतली. आत्तीनं माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. चुलतभावानं माझ्या मुलीला पाण्यात नेलं, खांद्यावर बसवून. लहानपणी मी त्याला असंच विहिरीत उतरवायचे. तो माझ्याहून चार वर्षांनी लहान. तेव्हापासून मला आक्काच म्हणतो.

मग रस्सा चाखायची वेळ आली. चुलतभावानं वडिलांना हाक मारली. तो पुढाकार त्याचा होता, हे मला नंतर अनेकदा आठवलं. वडील उठून गेले, पळीतला रस्सा तळहातावर घेऊन चाटला.

"मीठ कमी हाय," ते म्हणाले.

"तुमाला सगळ्यातच कमी पडतंय की, आबा," चुलतभाऊ हसत म्हणाला. "बांधबी कमीच पडला हुता."

तो हसत म्हणाला होता. पण वडिलांना त्या हसण्याचीच चीड आली असावी. त्यांनी सगळ्यांसमोर त्याच्या कानफटात मारली. क्षणभर चुलतभाऊ लहान मुलासारखा बघत राहिला. मग त्यानं ठोसा मारला.

पुढचं सगळं मिनिटभरात झालं. काकू ओरडायला लागली. काका उठले ते "आरं म्हातारा हाय त्यो, सोड!" असं म्हणत. मी धावत गेले आणि पायातली चप्पल काढून चुलतभावाच्या तोंडावर, मानेवर, मिळेल तिथं मारत सुटले. मी शाळेत शिकवते. मुलांवर हात उगारायचा नाही असं मी दुसऱ्या शिक्षकांना सांगते. त्या दिवशी माझ्या तोंडातून आलेल्या शिव्या मला येतात हेही मला माहीत नव्हतं. त्यानं मला ढकललं, मी पडले, परत उठले. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. आठ वर्षं साचलेलं काहीतरी हातातून बाहेर पडत होतं.

दादानं चुलीतलं जळतं लाकूड ओढलं.

"जाळतो तुला!" तो ओरडला.

चुलतभाऊ वडाच्या दिशेनं पळाला. दादा मागं. आत्ती "तिकडं नको, तिकडं नको!" असं ओरडत होती, पण तिचं कुणी ऐकलं नाही. दादानं लाकूड फेकलं. ते चुलतभावाला लागलं नाही. वडाच्या बुंध्याशी साचलेल्या पाचोळ्यात पडलं आणि पाचोळ्यानं लगेच पेट घेतला.

माझी मुलगी सतरंजीवर उभी राहून रडत होती. ते बघून मी भानावर आले. तिला उचललं आणि काठावर उभ्या केलेल्या गाडीकडं नेलं. हे तिनं बघू नये एवढंच मनात होतं. तिला मांडीवर घेऊन स्टिअरिंगसमोर बसले, गाडी चालू करून एसी लावला. दार उघडंच होतं, माझा एक पाय बाहेर होता. मला भांडणात परत जायचं होतं.

आवाज आधी आला. लांबून ट्रक चढावर यावा तसा. वडाकडं बघितलं तर मोहोळ फांदीवर नव्हतंच. फांदीखालची हवा काळी झाली होती. त्या काळ्यातून दादा आणि चुलतभाऊ दोन दिशांना पळाले. दादा डोक्यावर हात मारत पाण्याकडं, चुलतभाऊ आधी शेतात आणि मग वळून आमच्या बाजूला. काकांनी वडिलांना काखेत धरून फरफटत पाण्यात नेलं. मागून आत्ती काकूला ओढत होती.

दोन माश्या आत आल्या. एक मुलीच्या कानाला डसली. ती अशी किंचाळली की मी दार ओढून घेतलं आणि दोन्ही माश्या चपलेनं चिरडल्या. तिच्या कानातला काटा नखानं काढत होते तेव्हा चुलतभाऊ काचेवर आदळला.

त्याचा चेहरा दिसत नव्हता. केसांत, पापण्यांवर, नाकपुड्यांत माश्या होत्या. सकाळी पोहल्यामुळं तो नुसत्या बनियनवर होता आणि दोन्ही हात खांद्यापर्यंत काळे दिसत होते. त्यानं दाराचं हँडल ओढलं. दार आतून लॉक होतं. मी कधी लॉक केलं ते मला आठवत नाही.

"आक्का!" तो ओरडला. "आक्का, दार!"

मुलगी माझ्या गळ्याला मिठी मारून बसली होती. तिच्या डोक्यावरून मला त्याचे हात काचेवर आपटताना दिसत होते. हात आपटले की माश्या चिरडायच्या आणि काचेवर ओलं उमटायचं. मी लॉककडं हात नेला नाही. मी हॉर्न दाबला. का दाबला ते सांगता येत नाही. त्यानं काय होणार होतं? पण मी दाबून धरला आणि तो वाजत राहिला, आणि तो बाहेर आक्का आक्का म्हणत राहिला, आणि मग खाली घसरून दिसेनासा झाला.

बाकी सगळे गळ्यापर्यंत पाण्यात होते. त्यांच्या डोक्यांवरही माश्या घोंगावत होत्या. काकांनी आपला सदरा काढून ओला करून स्वतःच्या आणि वडिलांच्या डोक्यावर धरला होता. त्या एका सदऱ्याखाली दोघं भाऊ. काका वडिलांना आईवरून शिव्या देत होते आणि वडिलांची मान पाण्यावर धरून ठेवत होते, हे दादानं नंतर सांगितलं.

आत्ती पाण्यातून बाहेर आली. तिनं वाटेत पडलेली सतरंजी ओढून पाण्यात बुडवली आणि ती ओझ्यासारखी पाठीवर घेऊन चालत आमच्याकडं आली. धावली नाही, तिचे गुडघे धावायच्या पलीकडं गेले होते. चुलतभाऊ सरपटत गाडीच्या पुढ्यात गेला होता. तिथं तिनं सतरंजी त्याच्यावर टाकली आणि स्वतः त्याच्यावर पालथी पडली, कडा दाबून. तिचं डोकं आणि पाठ बाहेरच राहिली. तिचं नेसलेलं पातळ माश्यांनी घोंगड्यासारखं काळं झालं. तिनं एकदाही गाडीकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर मी दार उघडलं असतं का, हे मी स्वतःला अजून विचारते.

माश्या विरळ व्हायला अर्धा तास तरी गेला असेल. मग मी मुलीला सीटपुढं खाली बसवून तिच्यावर ओढणी टाकली आणि बाहेर पडले. दादा आणि काका आले. चौघांनी मिळून, म्हणजे वडिलांनीही, त्या दोघांना मागच्या सीटवर घातलं. मी गाडी चालवली. त्यांच्या कपड्यांत अडकलेल्या पाचसात माश्या वाटेत मलाही डसल्या आणि मला ते हवंसं वाटलं.

तालुक्याच्या दवाखान्यात सलाईन लावलं आणि तिथून ॲम्ब्युलन्सनं कोल्हापूरला. डॉक्टर आणि नर्स दोन तास चिमट्यानं काटे काढत होते. स्टीलच्या ट्रेमध्ये काट्यांचा ढीग झाला, मोहरी सांडल्यासारखा. चुलतभावाच्या किडन्या बंद पडल्या. त्याला डायलिसिसवर घातलं. आत्तीचा चेहरा एवढा सुजला की डोळे दिसेनात. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्यापाशी बसले होते. ती ओठ हलवायला लागली म्हणून मी कान जवळ नेला.

"म्हशींचं दूध काढलं का कुणी?" तिनं विचारलं.

"शेजारच्यांनी काढलंय, आत्ती."

"आणि पोरगं?"

"हाय. बरं हाय."

मला तिला सांगायचं होतं. शब्द तोंडापर्यंत आले होते. तेवढ्यात नर्स आली आणि मी उठून बाजूला झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी आत्ती गेली. दोघा भावांनी मिळून तिला खांदा दिला.

त्यानंतर घरातला प्रत्येकजण एकच गोष्ट सांगायचा. दादानं जळतं लाकूड फेकलं म्हणून आत्ती गेली. काकू त्याच्या तोंडावर म्हणाली. पाहुणे म्हणाले. वडीलही एकदा जेवता जेवता म्हणाले. दादा कुणालाच उलट उत्तर द्यायचा नाही. त्याच्या हातातून वस्तू पडायला लागल्या. मी त्याच्या शेजारी बसून हे सगळं ऐकायचे आणि गप्प राहायचे. पाण्यात असलेल्या लोकांना गाडीची फक्त मागची बाजू दिसत होती. चुलतभाऊ दारापाशी आला होता, दार मागत होता, हे फक्त त्याला आणि मला माहीत होतं. आणि त्याला आठवतंय की नाही, हे मला माहीत नव्हतं.

दीड महिन्यानं तो घरी आला. मी एकटी भेटायला गेले. तो ओसरीवर खुर्चीत बसला होता, निम्म्यानं वाळलेला. हातांवर काळे डाग. काकू पाणी आणायला आत गेली.

"तुला काय आठवतंय?" मी विचारलं.

"सगळं," तो म्हणाला.

मी मान खाली घातली.

"पोरगी कुठं हुती?" त्यानं विचारलं.

"मांडीवर."

"मग झालं की. माश्या आत आल्या असत्या."

मला तिथंच थांबता आलं असतं. त्यानं वाट करून दिली होती. पण तो माझ्याकडं बघत होता, आणि त्यानं पुढं विचारलंच.

"आक्का, पोरगी नसती तर उघडलं असतंस?"

"माहीत न्हाय," मी म्हणाले. मग म्हणाले, "न्हाय, बहुतेक. तू आबांना मारलं हुतंस. मी दारातनं तुलाच बघत हुते, परत येऊन मारायला."

त्यानं आपले हात उलटे करून बघितले. आत भांड्यांचा आवाज येत होता.

"माझ्या हातावर आबांचं रगात हुतं तवा," तो म्हणाला. "काचेवर लागलं आसंल तेबी." मग आवाज खाली करून म्हणाला, "आईला सांगू नको. ती तुला जित्ती सोडायची न्हाय. आणि मला आता कुणाचीबी मारामारी बघवत न्हाय."

काकू पाणी घेऊन आली. मी प्याले. निघताना तो उठला नाही आणि "परत ये" असंही म्हणाला नाही. पण मी परत गेले, अजूनही जाते. आम्ही नीट बोलतो. जुनं जे होतं ते मात्र नाही. ते परत यावं अशी अपेक्षा करायचा हक्क मला नाही.

वर्षश्राद्धाला सगळे आत्तीच्या घरी जमलो. वडील आणि काका एकाच ताटातला प्रसाद वाटत होते. त्यांच्यात प्रेम आलंय असं मी म्हणणार नाही, पण बांधाचा विषय परत कुणी काढला नाही. जेवणाच्या पंगती बसायच्या होत्या. काकू कुणा पाहुणीला हळू आवाजात दादाकडं बोट दाखवून काहीतरी सांगत होती. दादा ते बघून घराच्या मागं गेला. मी त्याच्या मागं गेले आणि त्याला सगळं सांगितलं. दार लॉक होतं. तो आक्का म्हणत होता. आत्तीला यावं लागलं ते मी उघडलं नाही म्हणून.

दादानं पूर्ण ऐकून घेतलं.

"वरीसभर," तो म्हणाला. "वरीसभर तू माझ्याशेजारी बसून जेवत हुतीस."

आणि त्यानं माझ्या थोबाडीत मारली. जोरात. माझं डोकं भिंतीवर आपटलं आणि कानात सूं झालं. त्यानं दुसरा हात उगारला, तो तसाच राहिला, आणि मग तो माझ्यापुढंच खाली बसून रडायला लागला. मी त्याच्याजवळ बसले नाही. माझा हात त्याच्या डोक्यावर ठेवावा असं मला वाटलं, पण ते धाडस झालं नाही. मी आत गेले. काकू, काका, वडील, पाहुणे, सगळे पंगतीच्या तयारीत होते. मी मधोमध उभी राहिले आणि दादाला सांगितलं होतं तेच परत सांगितलं, मोठ्यानं. काकूच्या हातातली भाताची परात खाली आपटली. ती माझ्या अंगावर आली, तेव्हा चुलतभाऊ मध्ये उभा राहिला. "तिनं मला सांगितलंय आदीच," तो म्हणाला. "जेवायला बसा सगळी."

कुणी नीट जेवलं नाही. काकू अजून माझ्याशी बोलत नाही. दादा बोलतो, पण थोडं.

परत येताना गाडीत मुलीनं विचारलं. ती आता पाच वर्षांची होती आणि घराच्या मागच्या खिडकीतून तिनं बघितलं होतं.

"मामानं तुला का मारलं?"

मी तिला सांगितलं, तिला समजेल तेवढं. काहीही गाळलं नाही. ती सगळं ऐकत होती.

"मग तू त्याला परत मारलंस?"

"न्हाय."

"का?"

शेळेवाडीच्या पुढं रस्ता सरळ होतो. मी गाडीचा वेग कमी केला आणि उत्तर शोधत राहिले. ते सापडायच्या आत तिला झोप लागली.